काहून सरांचा उतारा

रस्त्यावरचा उतारा उचलून खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमचा विज्ञानाचा मास्तर होता, आणि तो एकटा खात नसे. अख्ख्या वर्गाला खाऊ घालत असे.

उतारा म्हणजे काय हे आमच्या हिंगोली जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण वाचणारा कुठला असेल सांगता येत नाही म्हणून सांगतो. घरात कुणी आजारी पडलं, लेकरू रडायचं थांबेना, म्हैस लाथा मारू लागली, की त्याच्यावरून लिंबू, नारळ, भाताचा मुटका असं काहीबाही ओवाळायचं. वर हळदी-कुंकू टाकायचं. तिन्हीसांजेला ते नेऊन जिथे रस्ते एकमेकांना मिळतात तिथे ठेवायचं आणि मागे न बघता घरी यायचं. पीडा तिथेच बसून राहते आणि जो पहिला ओलांडेल त्याच्या मानगुटीवर चढते, असा समज. त्यामुळे एरवी बापालाही वाट न देणारी माणसं उतारा दिसला की धोतर सावरून लांबून वळसा घालतात.

गडदे सर वळसा घालत नसत. शाळेत येताना उतारा दिसला की ते सायकल उभी करायचे, नारळ कॅरिअरला लावायचे आणि वर्गात आणून टेबलावर आपटायचे.

"ह्याच्यात काय हाय?"

आम्ही नारळाऐवजी दाराकडे बघायचो.

"खोबरं हाय. खोबऱ्यात काय हाय? तेल. मग भेता काहून?"

मग तुकडे वाटले जायचे. पहिल्या बाकावरच्यांना नाही म्हणायची सोय नव्हती आणि मी पहिल्या बाकावर बसायचो. एकदा मी घरी जाऊन हे आईला सांगितलं. आईने कपाळाला हात लावला आणि माझ्यावरूनच एक उतारा ओवाळून रस्त्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सरांनी तो उचलून वर्गात आणला. असे एकाच भानगडीत मला दोन नारळ खावे लागले.

आमच्याकडे 'का' म्हणायला 'काहून' म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण सरांच्या तोंडात तो शब्द दिवसभर असायचा. पाणी खालीच काहून वाहतं? धूर वर काहून जातो? तू उशिरा काहून आला? त्यांचं नाव पडलं काहून सर. एका विद्यार्थ्याने तर लग्नाच्या पत्रिकेवर 'श्री. काहून सर' असं सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं. सरांनी पत्रिका घेतली आणि विचारलं, "लग्न दुपारीच काहून?"

सर मूळचे साखऱ्याच्या बाजूचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. घरात कुणी शिंकलं तरी आधी भगत यायचा आणि मग, उरलाच माणूस तर, डॉक्टर. त्या लिंबू-कुंकवात लहानपण गेल्यामुळे असेल, पण त्या सगळ्या प्रकाराचा त्यांना मनस्वी राग. स्वतःच्या लेकरांची दृष्टसुद्धा त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, कधी काढू दिली नाही. काकू ती काढायच्याच, फक्त सर शाळेत गेल्यावर. मीठ-मोहऱ्यांचा वास घरभर राहायचा आणि सर संध्याकाळी विचारायचे, "फोडणी जळली काहून?"

निवृत्त झाल्यावर सरांनी आमच्या कॉलनीत घर घेतलं, बरोब्बर माझ्या दुकानाच्या मागे. माझं किराणा दुकान चौकात कोपऱ्यावर आहे. म्हणजे ज्यांनी मला शाळेत छळलं ते आता रोज सकाळी माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून पेपर वाचू लागले. गिऱ्हाइकाने शेंगदाणे मागितले की, "शेंगदाणा जमिनीखाली काहून येतो, बोल बालाजी?" असा प्रश्न मला गिऱ्हाइकासमोर. मी चाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. पण उत्तर येत नसलं की अजूनही माझा हात आपोआप छडीसाठी पुढे होतो.

आता चौकाबद्दल सांगायला हवं.

आमची कॉलनी म्हणजे पेन्शनवाल्यांची वस्ती. चौकात कुत्री निवांत झोपायची. मग रस्ता सिमेंटचा झाला आणि वारंगा फाट्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कळलं, की गावातून फिरून जाण्यापेक्षा कॉलनीतून जवळ पडतं. तेव्हापासून हळदीची पोती भरलेले टेम्पो, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, रिक्षा आणि घाईची लागण झालेल्या मोटारसायकली, सगळं आमच्या चौकातून जाऊ लागलं. कुणीतरी मोठा माणूस येणार होता तेव्हा रस्त्यावर पांढरे पट्टे मारले होते. पायी चालणाऱ्यांनी त्यावरून जायचं असतं म्हणे. पण पट्टे दिसायला छान होते म्हणून भज्याचा गाडा तिथे लागला, आणि भजे खाणाऱ्यांच्या मोटारसायकली उरलेल्या पट्ट्यांवर.

आणि आमच्याकडे ब्रेक नावाची वस्तू गाडीला असते ती फक्त उतरताना वापरायची. चालवताना वापरायचा तो हॉर्न. मी हॉर्न वाजवला, आता बाजूला होणं ही तुझी जबाबदारी, असा सरळ व्यवहार. सगळे तो पाळतात आणि उड्या मारत रस्ता ओलांडतात.

सोनाकाकू तो पाळू शकत नव्हत्या. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

सोनाकाकू म्हणजे सरांच्या मंडळी. गोऱ्या, ठेंगण्या, कायम हसतमुख. कान गेले तसं त्या स्वतः मोठ्याने बोलू लागल्या. त्यांनी घरात भाजी काय केली हे मला दुकानात कळतं. लेकाने पुण्याहून कानाचं मशीन पाठवलं होतं. ते त्यांनी आठवडाभर लावलं आणि डब्यात ठेवून दिलं. "त्याच्यानं समदे भांडून राहिल्यावानी वाटतेत," त्या म्हणाल्या. सर बिचारे जुन्या वळणाचे, बायकोचं नाव घेत नसत. हाक मारायची झाली तर 'ऐकलं का?' अशी मारायचे. ऐकू न येणाऱ्या बाईला हा माणूस वर्षानुवर्षे दिवसभर 'ऐकलं का?' म्हणत होता, आणि आतून उत्तर येत नाही म्हणून चिडत होता.

काकूंना रोज संध्याकाळी रस्ता ओलांडायचा असायचा. पलीकडच्या बाजूला ओट्यावर शेवंताबाई बसायच्या. दोघींचं माहेर शिरड शहापूरचं, एकाच गल्लीतलं. शेवंताबाईंचे पाय गेलेले, त्यांना ओट्याच्या खाली उतरता येत नव्हतं. म्हणून काकू जायच्या. पदराखाली झाकून कधी धपाटे, कधी कढीची वाटी. मग दिवेलागणीपर्यंत दोघी शिरडच्या गोष्टी करायच्या. शेवंताबाईंचा आवाज खणखणीत होता. जगात काकूंना ज्यांचं सगळं ऐकू यायचं अशा त्या एकट्याच.

सर काकूंना रोज पलीकडे सोडायला जायचे. म्हणजे कसे? पुढे सर, आणि बऱ्याच मागे काकू. शाळेत प्रजननाचं प्रकरण न लाजता, फळ्यावर आकृत्या काढून शिकवणारा हा माणूस. पण स्वतःच्या बायकोच्या शेजारून चालताना त्याला कुणी बघितलं नव्हतं. लोक काय म्हणतील! तर सर आधी रस्ता ओलांडायचे, पलीकडे उभे राहायचे आणि कवायतीच्या मास्तरासारखे हात करायचे. तळहात दाखवला की थांब, हात ओढला की ये. काकूंना तळहात दिसला की वाटायचं, बोलावतायत. त्या निघायच्या. सर ओरडायचे, "थांब! ऐकलं का?" आणि मी दुकानात डोळे मिटून घ्यायचो.

एका संध्याकाळी व्हायचं ते झालं. मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत आला, काकू आपल्या संथ चालीने निघालेल्या. तो अगदी शेवटी वळला, पण हॅन्डल काकूंच्या हाताला घासून गेलं आणि त्या पडल्या. कढीची वाटी रस्त्यावर उपडी झाली, बांगड्या फुटल्या. काकू हसत उठल्या. "काई न्हाई झालं, काई न्हाई झालं," आणि कढीसाठी हळहळू लागल्या. सर मात्र पलीकडे उभे होते तिथेच खाली बसले. मी पाणी घेऊन धावलो, काकूंना द्यायला. त्यांनी ते सरांकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवसापासून सरांचे प्रयोग सुरू झाले.

प्रयोग पहिला : शिट्टी. शिट्टी वाजली की भज्याच्या गाड्यावरचे लोक टाळ्या वाजवायचे. प्रयोग दुसरा : काठीला लाल फडकं बांधून उभं राहणे. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "सर, कोणत्या पक्षाकडून उभे राहून राहिले?" प्रयोग तिसरा : गाड्या अडवून प्रबोधन. यात सर एका मोटारसायकलीला आडवे झाले. चालवणारा पोपळे नावाचा, त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

"एवढ्या जोरात काहून चालवतो रे?"

"सर, तुमीच तं शिकवलं व्हतं," पोपळे नम्रपणे म्हणाला. "जडत्व. चालू वस्तू चालूच राहते."

सरांनी त्याला वाट दिली. त्याने उत्तर बरोबर दिलं होतं, हेच त्यांचं दुःख होतं.

मग एका सकाळी चौकात उतारा दिसला. खराखुरा, कुणाच्या तरी घरचा. पत्रावळीवर भात, त्यावर अंडं, एक लिंबू, आणि गुलाल तर असा उधळलेला की जणू निवडणूक जिंकली. सर नेहमीप्रमाणे बाकड्यावर होते. मला वाटलं आता उठतील आणि उचलून आणतील, म्हणून मी लगबगीने बरण्या पुसायला घेतल्या. पुन्हा पहिल्या बाकावर बसायची माझी तयारी नव्हती.

पण सर उठले नाहीत. ते बघत राहिले.

कारण एक नवल घडत होतं. गाड्या थांबत होत्या. मोटारसायकल सुसाट यायची, उतारा दिसला की करकचून ब्रेक लागायचा, पाय खाली टेकायचे आणि मंडळी चोरासारखी कडेकडेने निघून जायची. हळदीचा टेम्पो थांबला. उसाच्या ट्रॅक्टरचं गाणं बंद झालं, मग ट्रॅक्टर बंद झाला, आणि मागची ट्रॉली उताऱ्यावरून जाऊ नये म्हणून ड्रायव्हरने उतरून नीट मोजमाप घेतलं. रिक्षावाले जब्बारभाईसुद्धा थांबले. "अरे बाप रे, किसने रख दिया रे ये!" म्हणून त्यांनी रिक्षा मागे घेतली. माणसासाठी न लागणारा ब्रेक लिंबासाठी लागत होता. एक म्हातारी मधून आरामात रस्ता ओलांडून गेली, शेळी घेऊन.

सरांच्या हातातला चहा गार झाला.

"निरीक्षण झालं," ते पुटपुटले.

"अनुमान काय, सर?" मी विचारलं.

सरांनी पेपरची घडी घातली आणि घरी गेले. दुपारी परत आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "बालाजी, लिंबं दे."

"किती?"

"सरबत करायचं हाय." थंडीचे दिवस होते. मी स्वेटर घातला होता, सरांनी मफलर. मी मुकाट्याने लिंबं दिली. "आन् कुंकवाची पुडी," सर आणखी हळू म्हणाले. सरबतात कुंकू कशाला, हे विचारायची पाळी माझी होती. काहून हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला.

संध्याकाळी, काकू निघण्याच्या जरा आधी, चौकात दोन उतारे हजर झाले. काकूंच्या वाटेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्यांना लांबून दिसतील असे. इतके शिस्तीतले उतारे कुणी पाहिले नसतील. कुंकवाच्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या, लिंबू अचूक मध्यभागी. प्रयोगवहीत याला मी दहापैकी दहा दिले असते. गाड्या दोन्हीकडून चरफडत थांबल्या आणि मधल्या मोकळ्या रस्त्याने काकू, समोर शेवंताबाईंच्या ओट्यावर नजर ठेवून, रमतगमत गेल्या. पुढे चालणारे सर आकाशातले बगळे बघत होते.

हे रोज होऊ लागलं. शाळेतून येणारी पोरं, दळण घेऊन जाणाऱ्या बाया, सगळे त्या वेळेला रस्ता ओलांडू लागले. माझी लिंबं खपू लागली.

पण उतारा म्हटल्यावर तो कुणाचा आणि कुणावर, हा प्रश्न आलाच. कॉलनी कुजबुजू लागली. कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं भानामती. एकाच्या घरात दूध नासलं, ते उताऱ्यामुळे. एकाचं पोरगं गणितात नापास झालं, तेही उताऱ्यामुळे; ते पोरगं दरवर्षीच होतं ही गोष्ट वेगळी. शेवटी देशमुख तात्यांनी माझ्या दुकानासमोर सगळ्यांना जमवलं. तात्या म्हणजे कॉलनीचे स्वयंघोषित अध्यक्ष. भगताला बोलवावं असं एक मत पडलं. तेवढ्यात तात्यांची नजर बाकड्यावरच्या सरांवर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, भगत कशाला? आपले काहून सर हाईत ना! सर, उठा. तो उतारा उचला आन् खा आमच्यासमोर. तुमी खाल्ला की लोकायची भीती गेली."

सगळे माना डोलावू लागले. जुने विद्यार्थी पुढे सरकले. मी सरांकडे बघितलं. खाल्ला तर लोकांची भीती जाणार, आणि भीती गेली की गाड्या पुन्हा सुसाट. नाही खाल्ला तर आयुष्यभराची इज्जत जाणार.

सर उठले. मफलर नीट केला. उताऱ्याकडे बघितलं, मग माझ्या दुकानामागे, स्वतःच्या घराच्या दिशेने.

"त्याला हात लावू नका," ते म्हणाले. "कुणीच लावू नका. काय सांगता येतं... असतं काही काही."

क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग मागून कुणीतरी हसलं. "काहून सर भ्याले!" ती बातमी सरांच्या आधी घरोघरी पोचली. पोपळे तर मोटारसायकलवरून जाताना रोज ओरडू लागला, "सर, खोबऱ्यात काय असतं?" सर पेपर तोंडासमोर धरून बसायचे. तीस-बत्तीस वर्षं खोबरं वाटून मिळवलेलं नाव त्यांनी असं एका वाक्यात घालवलं. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. गिऱ्हाइक होतं म्हणून दोन्ही राहून गेलं.

एवढं करून सरांच्या हिशोबात एक चूक राहिलीच होती. उताऱ्याला सगळं गाव भितं हे त्यांनी पाहिलं. सगळ्या गावात सोनाकाकूही येतात, हे ते विसरले.

काकूंना इतके दिवस काही कळलं नव्हतं, कारण कॉलनीत अशा गोष्टी कुजबुजून बोलतात आणि कुजबुज काकूंपर्यंत पोचत नाही. पण शेवंताबाईंना कुजबुजता येत नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. काकूंनी ओट्यावरून रस्त्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि पदराने तोंड झाकलं. त्या संध्याकाळी त्या कशाबशा परत आल्या. दुसऱ्या दिवशी कडेपर्यंत आल्या, धपाट्यांची ताटली हातात, आणि तिथेच थांबल्या. सर पलीकडून हात ओढून ओढून दमले. काकू उताऱ्याला हात जोडून माघारी फिरल्या.

असं काही दिवस चाललं. काकू रोज यायच्या, कडेला उभ्या राहायच्या. पलीकडे ओट्यावर शेवंताबाई. दोघी एकमेकींना हात करायच्या. शेवंताबाई काहीतरी सांगायच्या, पण मध्ये गाड्यांचा आवाज. त्यांचा खणखणीत आवाजही तो ओलांडू शकत नव्हता. काकू नुसत्या मान हलवायच्या. मग धपाटे तसेच घेऊन घरी. गाड्या मात्र अगदी शहाण्यासारख्या थांबायच्या, जिच्यासाठी थांबायच्या ती सोडून सगळ्यांसाठी.

अशाच एका संध्याकाळी सर माझ्याजवळ उभे होते. पलीकडे शेवंताबाई डोळे पुसत होत्या. इकडे काकूंनी ताटली दुसऱ्या हातात घेतली. सरांनी एक सुस्कारा टाकला आणि ते काकूंजवळ गेले. अगदी जवळ, कानापाशी वाकून, काहीतरी म्हणाले.

"आँ?" काकू.

सर पुन्हा पुटपुटले.

"तारा? कोन तारा?" काकू मोठ्याने म्हणाल्या. "आपली तारा तं परभणीला हाय!"

भज्याच्या गाड्यावरचे लोक वळून बघू लागले. सरांनी चारी बाजूंना पाहिलं. आपलं गुपित आणि काकूंचे कान, यांतलं एक सोडावं लागणार हे त्यांना कळलं असावं. त्यांनी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा बायकोचं नाव घेऊन, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या जुन्या आवाजात ओरडले :

"सोने! उतारा! उतारा मीच ठेवून राहिलो! रोज!"

भज्याच्या कढईतला झारा थांबला. तात्या शेव घ्यायला आले होते, ते पुडीसकट थांबले. काकू सरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि तितक्याच मोठ्याने म्हणाल्या,

"काहून?"

"तुला ऐकू येत न्हाई म्हणून! हे लोक थांबत न्हाईत म्हणून! एखाद्या दिवशी उडवून जातील तुला, मंग मी काय करू?"

हे शेवटचं ओरडायची गरज नव्हती. पण आवाज एकदा वर गेला की त्यांना खाली आणता येत नाही, हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे. मी लिंबाची टोपली उगाच सरळ केली.

"आन् त्याच्यात काही नसतं म्हणत व्हते ना तुमी?" काकूंचा संशय अजून गेला नव्हता.

"न्हाईच काही!" सर तरातरा चौकात गेले, आपल्या हाताने ठेवलेल्या उताऱ्यावरचं लिंबू उचललं, शर्टाला पुसलं आणि कचकन् चावलं. त्यांचं तोंड असं वेडंवाकडं झालं की काकू आधी घाबरल्या, मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पलीकडे शेवंताबाईही हसत होत्या, कशाला ते न कळताच.

तेवढ्यात पोपळेची मोटारसायकल आली आणि दुसऱ्या उताऱ्यावरून चर्रकन् निघून गेली. "सर, निघालं अनुमान!" तो ओरडला. त्याच्यामागे टेम्पो, टेम्पोमागे रिक्षा. लिंबाचा चेंदा झाला. काही मिनिटांत आमचा चौक पुन्हा पहिल्यासारखा वाहू लागला.

सर कडेला काकूंजवळ येऊन उभे राहिले. आता त्यांच्याकडे शिट्टी नव्हती, फडकं नव्हतं, उतारा नव्हता. नावही राहिलं नव्हतं. त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, लिंबाने चिकट झालेला हात पॅन्टला पुसला. आणि काकूंचा हात धरला.

"काहून हो?" काकू केवढ्यांदा तरी म्हणाल्या. "हात काहून धरला?"

साऱ्या जन्मात इतरांना हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला याचं उत्तर काही आलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी पाऊल पुढे टाकलं.

आणि काय सांगू! टेम्पो थांबला. मोटारसायकली थांबल्या. जब्बारभाईंनी रिक्षा थांबवून मान बाहेर काढली. वळून परत आलेला पोपळे एक पाय खाली टेकून, तोंड उघडं टाकून बघत राहिला. काहून सर भर चौकात बायकोचा हात धरून चाललेत, हे दृश्य सोडून पुढे जायची कुणाची छाती झाली नाही. उताऱ्याला थांबली नसती एवढी गर्दी थांबली. हॉर्न वाजवायचं सुचलं नाही कुणाला. मधून ती दोघं, पहिल्यांदाच शेजारी शेजारी, आणि काकूंच्या दुसऱ्या हातात धपाट्यांची ताटली.

पलीकडे पोचल्यावर शेवंताबाईंनी ओट्यावर सरकून जागा केली. काकूंना संकोच वाटला.

"सोडा आता," त्या म्हणाल्या. "लोक बघून राहिले."

हे मला दुकानात ऐकू आलं. भज्याच्या गाड्यावर ऐकू आलं, तात्यांना आलं, टेम्पोत बसलेल्यालाही आलं असेल. सरांना मात्र ऐकू आलं नाही.